मशीनमध्ये नसलेलं गाव

"तुमचं गाव मशीनमधी न्हाई," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या टप्प्याचं तिकीट माझ्या हातात कोंबलं. म्हणजे जायचं नव्हतं तिथपर्यंतचे पैसे भरून मी फाट्यावरच उतरलो. वर सुटे नाहीत म्हणून त्यानं तिकिटाच्या पाठीमागं चार रुपये लिहून दिले. ते तिकीट आत्ता, हे लिहिताना, समोर आहे. चार रुपये नाहीत.

फाट्यावर एक बाभूळ, एक बंद टपरी आणि एक ॲपे. गाव आत चार किलोमीटर, रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात चप्पल हातात घेतली की चिखलाचे बूट फुकट मिळतात. ॲपेवाल्याचा नियम असा, की दहा शीट भरल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. आम्ही दोघं होतो. मी आणि एक आबा.

"कोन्या गावचे?" सांगितलं. "कुनाचे?" तेही सांगितलं. आबांनी मला वसुलीला आल्यासारखं न्याहाळलं.

"म्हंजे आपला रस्ता तुमच्यामुळं गेला."

"माझ्यामुळं?"

"पाचशेला सदतीस कमी पडले. तुमचं घर पाच मानसांचं. पुन्याला गेलाव. राहिले किती? बत्तीस."

पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, सपाटीवरच्या गावाला किमान ५०० लोकवस्तीची अट होती आणि आकडा २००१ च्या जनगणनेचा धरायचा होता, हे मी शहाणपणानं सांगायला लागलो. आबांनी हातानंच गप्प केलं. त्यांना ते सगळं पाठ होतं. ते बोटं मोडत पुढं गेले.

"शिंद्याची सून बाळंतपनाला माहेरी गेल्ती. जुळी झाली. तीन मानसं एका झटक्यात दुसऱ्या गावाच्या खात्यात! त्यांना डांबरी व्हतीच की आधीपासून. त्यांना कशाला पायजे व्हती आपली जुळी?"

मी हसलो. आबा हसले नाहीत.

"शिरगनती कोन्या म्हैन्यात झाली?"

मला येईना.

"फेब्रुवारी. फेब्रुवारीत आपलं गाव कुठं आसतंय?"

आता मला येत होतं. फेब्रुवारीत आमचं अर्धं बीड ऊस तोडायला फडात असतं. दसरा-दिवाळीला कोयते उचलून गेलेल्या जोड्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटक करत पाडव्याच्या आगंमागं परततात. आणि मोजणी होती ९ ते २८ फेब्रुवारी. तेवढ्या दिवसांत जो घरी पाऊलच टाकत नाही, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे आमची माणसं कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोजली गेली. २०११ ला पुन्हा तेच, ९ ते २८ फेब्रुवारी. २०२१ ची तर झालीच नाही. २०२४ मध्ये योजनेचा चौथा टप्पा आला, त्यानं आधार धरला २०११ चा. फेब्रुवारीत लोक फारसे हलत नाहीत, असा म्हणे हिशेब आहे. साखर कुणाच्या हातून येते हे चहा ढवळताना कुणी विचारत नाही, पण महिना ठरवताना तरी विचारायचं.

"आता सत्तावीसच्या फेब्रुवारीत परत हाय," आबा म्हणाले. "रजा काढून या. लेकरं बी आना. मोजून घ्या अन् जा."

रजा मिळायची नाही असं मी पुटपुटलो.

"मला एस्टीची गाडी फुकट हाय," ते मधेच म्हणाले. "पंच्याहत्तरी उलटली ना. पन त्या फुकटच्या गाडीपत्तोर यायला वीस रुपय लागतेत."

दोन तासांनी आम्ही नऊ झालो. ॲपेवाला ढिम्म.

"आरं, माझी म्हातारी धर की धाव्वी," आबा म्हणाले. "घरी हाय ती. कुटं जातीय?"

"आबा, हितं हाजर आसंल त्योच मोजतो मी."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. दहाव्या शीटचे वीस रुपये मी दिले, आणि त्या जागेवर आबांनी आपली पिशवी ठेवली.