एल्सा आणि ॲना : बहिणींच्या नात्याला प्रणय ठरवणाऱ्या दाव्याचा प्रतिवाद

‘फ्रोझन’ या डिस्नेच्या ॲनिमेशन चित्रपटमालिकेतील एल्सा आणि ॲना या दोन राजघराण्यातल्या बहिणींचे नाते मुळात प्रणयाचे आहे, ते 2013च्या पहिल्या चित्रपटात झाकून ठेवलेले आणि 2019च्या दुसऱ्या चित्रपटात जवळजवळ उघड केलेले आहे, आणि पालक बिथरतील या भीतीनेच निर्मात्यांनी त्यावर बहीणपणाचे लेबल लावले आहे, असा एक दावा सध्या गोव्यातल्या मराठी चाहत्यांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते थोडक्यात असे: परीकथेत शाप उतरवण्याचा मान प्रियकराचा असतो आणि येथे तो बहिणीला मिळाला, सख्ख्या भावंडांत इतकी आर्तता नसते, ॲनाच्या लग्नाला एल्सा नकार देते तो मत्सरामुळे, मूळ कथेतले मुलगा आणि मुलगी हे प्रेमिक होते, आणि दुसऱ्या चित्रपटाचा शेवट हा विरहाचा शेवट आहे. ज्यांना हे पटत नाही ते सोवळे, अशी पुस्तीही वर जोडलेली असते.

चाहत्यांनी आपापल्या कल्पनेने वेगळ्या कथा रचाव्यात की नाही, हा माझा विषय नाही. ज्याला जे लिहायचे ते त्याने लिहावे. त्यासाठी मूळ कृतीची परवानगी लागत नाही. ‘मला असे कल्पायला आवडते’ हे विधान आणि ‘चित्रपटात हेच आहे’ हे विधान यांत मात्र मोठे अंतर आहे. दुसरे विधान करणाऱ्याला पडद्यावरचा पुरावा द्यावा लागतो आणि तो येथे मिळत नाही.

सर्वांत वजनदार मुद्दा शापाचा आहे, म्हणून तो आधी घेतो. थोरल्या एल्साकडे बर्फ निर्माण करण्याची जादूई शक्ती आहे आणि तिच्या हातून अनवधानाने ॲनाच्या हृदयात बर्फ शिरतो. पॅबी हा वृद्ध ट्रोल सांगतो की, गोठलेले हृदय केवळ खऱ्या प्रेमाच्या कृतीनेच वितळेल. तो चुंबनाचे नावही काढत नाही. ते सुचवते बुल्डा ही दुसरी ट्रोल, आणि तिच्या त्या एका वाक्यावर विसंबून ॲना, तिचा वाटाड्या झालेला बर्फविक्या क्रिस्टॉफ आणि एल्साच्या जादूने घडलेला हिममानव ओलाफ असे सगळे राजवाड्याकडे, म्हणजे ॲनाने जिच्याशी लग्न ठरवले त्या राजपुत्र हान्सकडे, धावत सुटतात. हान्स तिच्या चेहऱ्यापर्यंत झुकतो आणि ऐन वेळी थांबून आपला खरा चेहरा दाखवतो. खरे प्रेम म्हटले की चुंबन आणि चुंबन म्हटले की प्रियकर, हे समीकरण चित्रपट अशा रीतीने आपल्या डोळ्यांदेखत मोडून टाकतो. पुढे शेकोटीपाशी वितळत चाललेला ओलाफ ॲनाला सांगतो की, दुसऱ्याची गरज आपल्या गरजेच्या आधी ठेवणे म्हणजे प्रेम. प्रेक्षकाला किल्ली मिळते ती येथे.

यानंतरचा गोठलेल्या खाडीवरचा प्रसंग दावा करणाऱ्यांनी पुन्हा एकदा नीट पाहावा. वादळ अचानक थांबले आहे. एका बाजूने क्रिस्टॉफ ॲनाच्या दिशेने धावत येतो आहे आणि तो वेळेत पोहोचला तर आपण वाचू, असे तिला वाटते आहे. दुसऱ्या बाजूला एल्सा गुडघे टेकून बसली आहे आणि तिच्या मागे हान्सने तलवार उपसली आहे. ॲना दोघांकडे पाहते, क्रिस्टॉफकडे पाठ फिरवते, लटपटत्या पायांनी एल्सा आणि तलवार यांच्यामध्ये जाऊन उभी राहते आणि हात वर करते. तलवार तिच्यावर पडते त्या क्षणी ती बर्फ झालेली असते. पाते तुटते, आणि तिच्या ओठांतून शेवटचा श्वास वाफेसारखा बाहेर पडतो. थोड्या वेळाने ती वितळते. कशामुळे? एल्सा तिला कवटाळून रडते हे खरे, परंतु ओलाफ लगेच पॅबीचे वाक्य आठवतो आणि अर्थ स्पष्ट होतो: खऱ्या प्रेमाची कृती ॲनाची स्वतःची होती. जिच्यावर शाप, तिनेच तो उतरवला.

येथे दाव्याचा पायाच ढासळतो. जुन्या परीकथांत राजकन्या निपचित पडलेली असते आणि प्रियकर येऊन तिला उठवतो. वाचवणारा एक आणि वाचणारी दुसरी. एल्साला प्रियकराच्या जागी बसवायचे, तर वाचवणारी एल्सा असायला हवी होती. ती तशी नाही. त्या जागेवर कोणी बसलेलेच नाही, आणि ती रिकामी ठेवण्यासाठीच तर चित्रपटकर्त्यांनी हान्सचा एवढा खटाटोप केला आहे. सबंध कथेत बुल्डाचा जो गैरसमज खोटा ठरतो, तोच हा दावा पुन्हा उभा करतो: खरे प्रेम आहे ना, मग ते प्रणयाचेच असले पाहिजे.

दुसरा मुद्दा आर्ततेचा. भावंडे एकमेकांसाठी इतकी जीव टाकत नाहीत, असे म्हणणाऱ्या गोवेकराचे मला खरोखर आश्चर्य वाटते. शिरगावच्या लईराई देवीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सात बहिणी आणि एक भाऊ. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, लोकमानसाने याच बहिणींत गणलेली म्हापशाची मिलाग्र सायबीण, आणि भाऊ खेतोबा. प्रचलित कथेनुसार विस्तव आणायला पाठवलेला खेतोबा खेळात रमला, परतायला उशीर झाला, तेव्हा संतापलेल्या लईराईने त्याला लाथ मारली. मग आपण हे काय केले, या पश्चात्तापाने तिने अग्निदिव्य करण्याचे ठरवले. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत हातात वेताची काठी घेतलेले, व्रतस्थ धोंड, म्हणजे देवीचे भक्त, मध्यरात्रीनंतर होमकुंडातून जातात ते याच पश्चात्तापाच्या स्मरणाने. रागाच्या भरात भावंडाला इजा करून बसलेली बहीण आणि त्यापोटी तिने स्वतःला दिलेली शिक्षा, हे या कथेचे मर्म आहे. लहानपणी आपल्या हातून ॲनाला इजा झाली म्हणून एल्सा स्वतःला एका खोलीत आणि हातमोज्यांत कोंडून घेते, त्या कथेचेही मर्म हेच आहे. एकीकडे आग आहे, दुसरीकडे बर्फ आहे. लईराईच्या कथेत प्रणय शोधावा असे शेकडो वर्षांत कोणाला सुचले नाही, आणि त्यामुळे त्या कथेची धग तसूभरही कमी झालेली नाही.

सोवळेपणाचा आरोपही याच ठिकाणी निकालात काढतो. भावंडांमधील प्रणयाचा प्रश्न उच्चारायलाच आपली परंपरा घाबरते, असे ज्यांना वाटते त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दहावे सूक्त वाचावे. त्यात यमी आपल्या जुळ्या भावाला, यमाला, स्पष्ट शब्दांत मागणी घालते आणि यम ती तितक्याच स्पष्टपणे नाकारतो. भाऊबिजेला आपण ज्या यमाची त्याच्या बहिणीघरी जेवायला गेल्याची गोष्ट सांगतो, तोच हा यम. पाश्चात्त्य परंपराही या बाबतीत मुकी नाही. 1870 साली रंगमंचावर आलेल्या जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘डी वाल्क्यूर’ या संगीतिकेत जुळी भावंडे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि हे प्रेक्षकांपासून लपवलेले नाही. सांगण्याचे कारण इतकेच की, ज्या कलाकृतीला हा विषय हाताळायचा असतो ती तो उघडपणे हाताळते आणि त्याची किंमतही पात्रांकडून वसूल करते. ‘फ्रोझन’मध्ये असा प्रश्न कोणत्याही पात्राच्या मनात येत नाही, त्यावरून कोणाला संकोच वाटत नाही, कोणी काही लपवत नाही. ज्या गोष्टीचा ताण कथेत कोठेही जाणवत नाही, ती कथेत दडलेली आहे असे म्हणायला आधार काय?

मत्सराचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी ॲना त्याच दिवशी भेटलेल्या माणसाशी लग्न ठरवून मोकळी होते, वर त्याच्या भावांनाही राजवाड्यात राहायला बोलावण्याच्या गोष्टी करते. अशा वेळी थोरल्या बहिणीने ‘नाही’ म्हणण्यासाठी मत्सराची गरज काय? पुढे क्रिस्टॉफलाही हे ऐकून तितकाच धक्का बसतो, आणि हान्सचे खरे रूप पाहता दोघांचेही बरोबर होते. एल्साला ॲनाच्या आयुष्यातला पुरुषच खुपत असता, तर तिने क्रिस्टॉफलाही विरोध केला असता. उलट पहिल्या चित्रपटाच्या शेवटी ॲना त्याला नवी घसरगाडी देते तेव्हा राणीच्या हुकमाने त्याला बर्फ पुरवण्याचा अधिकृत हुद्दाही मिळतो. मत्सरी माणूस प्रतिस्पर्ध्याला सरकारी हुद्दा देत नाही.

एल्साला दोन्ही चित्रपटांत जोडीदार नाही, हाही पुरावा म्हणून दिला जातो. 2016 साली तिला प्रेयसी मिळावी अशी मोहीम चाहत्यांनी समाजमाध्यमांवर चालवली होती. ती मागणी निदान प्रामाणिक होती. तिला काय हवे आहे ते ती सरळ सांगत होती. एकट्या राहिलेल्या स्त्रीच्या कथेत कोणीतरी दडलेले असलेच पाहिजे, हा आग्रह त्याहून निराळा आहे आणि मला तो जुनाट वाटतो.

आता चित्रपटाला जिच्यावरून कल्पना सुचली त्या मूळ कथेविषयी. हान्स क्रिस्चियन अँडरसनची ‘हिमराणी’ 1844 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘काय’ नावाचा मुलगा आणि गेर्दा नावाची मुलगी ही शेजारपाजारची मुले आहेत. दोन घरांच्या माळवदांमध्ये गुलाबाच्या कुंड्या आहेत आणि मुले तेथे खेळतात. या दोघांची ओळख करून देताना अँडरसनने जे सांगितले ते दाव्याच्या नेमके उलट आहे: ती भावंडे नव्हती, परंतु भावंडे असती तर जितका जीव लावला असता तितकाच ती एकमेकांना लावत. म्हणजे प्रेमाची खोली सांगण्यासाठी लेखकाने जे माप वापरले तेच भावंडांचे होते. हिमराणीच्या महालात गेर्दाचे ऊन आसू हिमराणीने पळवून नेलेल्या ‘काय’च्या छातीवर पडतात आणि त्याच्या हृदयातला काचेचा कण विरघळतो, हा प्रसंगही त्याच मापाने वाचायचा आहे. मुळात प्रणय होता आणि त्यावर बहीणपण चढवले, असे म्हणणाऱ्याने ही ओळ वाचलेली नसावी.

चित्रपटाच्या घडणीचा इतिहासही दाव्याच्या बाजूचा नाही. आरंभीच्या आराखड्यांत एल्सा खलनायिका होती आणि ॲनाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते. त्या दोघींमध्ये तेव्हा प्रणयही नव्हता, वैर होते. कथा जुळेना म्हणून त्यांना बहिणी करण्याचे ठरले, आणि एल्साच्या तोंडचे ‘लेट इट गो’ हे गाणे तयार झाल्यावर एल्साला खलनायिका ठेवणे अशक्य झाले. बहिणींमधले नाते नेमके कसे असते हे समजून घेण्यासाठी स्टुडिओतील स्त्री कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून त्यांच्या बहिणींविषयी बोलते करण्यात आले होते. एखादे लेबल चिकटवण्यासाठी इतकी उठाठेव कोणी करत नाही. आणि झाकायचेच होते, तर मुळात झाकण्यासारखे काय होते, हेही दावा करणारे सांगत नाहीत.

बंद दाराबाहेर उभ्या ॲनाच्या गाण्यात विरहिणी शोधणाऱ्यांबद्दल एवढेच म्हणेन की, ते गाणे खेळायला चल म्हणणाऱ्या एका लहान मुलीच्या हट्टाने सुरू होते आणि आईवडील बुडाल्यानंतरच्या शोकावर संपते. त्यातला एकटेपणा पोरका आहे. त्याला शृंगाराचा वास लावणे हे वाचन नव्हे.

राहिला दुसरा चित्रपट. त्यात एल्सा आहतोहल्लान या जादूई हिमनदीच्या तळाशी गोठते, ओलाफ ॲनाच्या कुशीत विरून जातो, आणि एकटी पडलेली ॲना पुढचे एक योग्य पाऊल टाकायचे म्हणून उठते व धरण फोडण्यासाठी निघते. हा शोक फार मोठा आहे, हे मान्य. परंतु ती शोकात काय करते? ज्या धरणाने वनातल्या लोकांवर अन्याय झाला ते पाडते, तेही आपले राज्य वाहून जाईल हे ठाऊक असताना. प्रेमाच्या दुःखाने ती कर्तव्यापासून ढळत नाही, त्याकडेच जाते. पुढे एल्सा परतते, आणि दोघी एकत्र राहण्याऐवजी आपापल्या जागी जातात: एल्सा वनात, ॲना त्यांच्या अरेंडेल राज्याच्या गादीवर. पुलाला दोन टोके असतात आणि आईला दोन मुली होत्या, असे एल्सा सांगते ते याच संदर्भात. तोवर ॲनाने क्रिस्टॉफची मागणी स्वीकारलेली असते. प्रणयकथेत असा शेवट ताटातुटीचा ठरला असता. येथे मात्र कोणाच्याही चेहऱ्यावर ताटातुटीचे दुःख नाही. ॲना वाऱ्याबरोबर चिठ्ठी पाठवून बहिणीला शुक्रवारच्या मूकाभिनयाच्या खेळाला बोलावते आणि उशीर करू नकोस म्हणून बजावते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणी चतुर्थीला माहेरी येण्यावरून जी कुरकुर करतात, तिच्याच जातीची ही चिठ्ठी आहे.

मालिकेचा तिसरा भाग जाहीर झालेला आहे, आणि त्यात सगळे उघड होईल असे दावा करणारे म्हणतात. उद्याच्या चित्रपटात लेखकांनी काही निराळे लिहिले तर ते त्या चित्रपटाच्या संदर्भात तपासता येईल. 2013 आणि 2019च्या चित्रपटांत काय आहे, याचा पुरावा त्याने मिळणार नाही.