शेंदूर, हिंगूळ, हरताळ मुलांच्या हाती देऊ नका

‘बाजारातले केमिकलचे रंग फेकून द्या. पूर्वजांचे नैसर्गिक रंग वापरा : शेंदूर, हिंगूळ, हरताळ, गेरू, हळद. मुलांनी चाटले तरी अपाय नाही, शेकडो वर्षं टिकतात, पर्यावरणालाही त्रास नाही.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या वहिनी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतात. त्यांनी परवा साहित्याची यादी म्हणून तोच पालकांना पाठवला. आता गप्प बसवत नाही.

मुलांनी चाटले तरी अपाय नाही? अहो, हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळात आर्सेनिक असतं. सोमल या जहाल विषात असतं तेच. आणि अस्सल शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. घराच्या रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नको, असा आपल्याकडे २०१६चा नियम आहे. शुद्ध शेंदरात ते शंभरात ९० भाग असतं! जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. वर्गात ही पूड डिंकात कालवताना उडणार, नखांत बसणार, त्याच हातांनी डबा खाल्ला जाणार. पुडीवर आत काय आहे हे लिहिलेलंही नसतं बहुतेकदा.

पूर्वज वापरत होते, खरं आहे. पण ते जाणते कारागीर होते, सात वर्षांची मुलं नव्हेत. आणि अजिंठ्याची चित्रं मुख्यतः मातीच्या रंगांतली आहेत : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, जोडीला काजळी. हळद टिकते म्हणणाऱ्याने हळदीचा कागद चार दिवस उन्हात ठेवून बघावा.

पर्यावरणाचं म्हणाल तर एक मान्य करावं लागेल : बाजारातला ॲक्रिलिक रंग म्हणजे प्लास्टिकच आहे आणि ब्रश धुतला की ते गटारात जातं. म्हणून ब्रश आधी फडक्याला पुसावा. खरं तर एवढ्या लहान मुलांना ॲक्रिलिक लागतच नाही. पण त्यावर उपाय म्हणून पारा आणि शिसं मोरीत सोडायचं?

वहिनी, यादी आजच बदला. गेरू तुम्हीच आधी भिजवून न्या, म्हणजे पूड उडणार नाही. वारलीसाठी तांदळाचं पीठ पाण्यात कालवा. बाकी रंगांना लहान मुलांसाठीचे, विषारी नसल्याचा उल्लेख असलेले साधे वॉटर कलर घ्या. आणि ज्या पालकांनी शेंदूर आणला असेल त्यांना एकेकाला फोन करा.