नारळ बंद, साखर चालू

आमच्या सासूबाईंचा रिपोर्ट आला तेव्हा साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले. शहरातल्या डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं, 'नारळ कमी करा, गोड कमी करा.' सासूबाईंनी त्यातलं पहिलंच ऐकलं. घरी आल्या आल्या आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, भिंतीला टेकवून ठेवला. 'डॉक्टरान नारळ बंद केल्यान. आता आमटी कसली करू, पाण्याची?'

पुढचे आठ दिवस घरात सुतकी जेवण. वाटलेल्या खोबऱ्याच्या वाटपाविना बांगड्याचं तिखलं, सोलकढीला सुट्टी. आणि ह्या सगळ्या त्यागाच्या जोडीला दिवसातून पाच कप चहा, त्यासोबत बेकरीतला बटर नाहीतर टोस्ट, आणि दुपारी ऊन लागू नये म्हणून अमृत कोकमाचा, म्हणजे कोकमाच्या गोड सरबताचा, पेला. मी साखरेचा विषय काढला की ठरलेलं उत्तर, 'मिया साखर खातंय खंय गो?'

एके दिवशी मी एक वाटी घेतली. त्यांनी चहात जेवढे चमचे टाकले, तेवढे मी त्या वाटीत टाकत गेले. कपाला दोन, म्हणजे चहाचेच दहा चमचे. मग अमृत कोकम. ते आमच्या घरी कसं करतात ते मला माहीत आहे, कारण दर मे महिन्यात बरण्या भरते मीच: एक किलो कोकमाच्या सालांना दोन किलो साखर, थरावर थर, आणि बरणी उन्हात. तयार सिरपात अर्ध्याहून जास्त साखरच. एका पेल्याचे मी चार चमचे धरले, तेही हात आखडून. संध्याकाळी वाटी भरली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, 'ह्या माझा नाय.' टोस्टातली साखर मी धरलीच नव्हती, नाहीतर भांडण झालं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस हे सगळं मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम, पाच-सहा चमचे. गुळाचंही तेच. 'गूळ चलता मां?' ह्या प्रश्नाला माझ्याकडे दुःखद उत्तर आहे: गूळ म्हणजे बहुतेक साखरच, रंग आणि वास चांगला.

आता स्निग्ध पदार्थांचं. एका ग्रॅमला 9 कॅलरी, साखरेला 4, म्हणून तेल-तूप-खोबरं बदनाम. पण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय नीट अंगी लागत नाहीत, आणि चरबी पोटातून सावकाश पुढे जाते म्हणून जेवण टिकतं. वाटप बंद होतं तेव्हा सासूबाई चार वाजताच डबे उघडत होत्या. डब्यात काय, तर बिस्किटं.

पण म्हणून 'खोबरेल तेल म्हणजे अमृत' हे फॉरवर्डही मला पाठवू नका. त्यातली सुमारे 90 टक्के चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते आणि ती वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवते. डॉक्टर चुकले नव्हते. पण ताज्या खवलेल्या नारळात चोथा असतो, पाणी असतं. आमटीतलं मूठभर वाटप आणि कढईभर तेल ह्यात फरक आहे. बांगडा आणि तारली ह्यांची चरबी तर हृदयाच्या बाजूची, ओमेगा-3ची. पूर्वी होडीच्या लाकडाला तारलीचं तेल लावत, इतकी ती तेलकट. आम्ही तिला गरिबाची मासळी म्हणून नाक मुरडतो आणि सुरमईचा तुकडा रव्यात घोळवून तेलात बुडवतो.

चरबीच्या नावाने एवढी ओरड का झाली, त्यामागे थोडं राजकारणही आहे. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन एक आढावा लिहून घेतला, तो 1967 साली छापून आला. हृदयरोगाचा दोष चरबीवर, साखरेकडे काणाडोळा. पैशांची गोष्ट बाहेर आली 2016 मध्ये. म्हणून चरबी निर्दोष ठरत नाही, पण साखर एवढी वर्षं पडद्याआड का राहिली ते कळतं.

आमच्याकडे आडाळो पुन्हा खाली आला. नारळ पूर्वी दिवसाला एक लागायचा, आता अर्धा. चहा पाचाचे तीन कप, अर्धा चमचा साखर, त्यावर रोज कुरकुर. ह्या मे महिन्यात बरण्या भरताना गोड एकच केली, पाहुण्यांपुरती. बाकी सालांचं आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा खारट रस. आगळात मीठ असतं, त्यामुळे सोलकढीत वेगळं मीठ घालायला मी बंदी केली आहे, कारण सासूबाईंचं बीपीही आहे.

काल मुंबईचे पाहुणे आले. सासूबाईंनी विचारलं, 'गोड व्हया काय आगळ?' आणि ते तोंड उघडायच्या आत सोलकढी ओतून मोकळ्या झाल्या. गोडाची बरणी कुठे ठेवली आहे, ते मला अजून सांगितलेलं नाही.