आदला प्लंबर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, बारा दिवसांवर आली आणि आमचा शॉवर गळायला लागला. एरवी मी काणाडोळा केला असता. बिघडलेल्या वस्तूला आपणहून सुधारायची संधी द्यावी, या मताचा मी आहे. पण चवथीला गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या याच मूळ घरात बावीस माणसं जमतात, आणि त्यांतल्या निदान अठरा जणांना नळातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात, कौलांवरून पागोळ्या कोसळत असताना, एका थेंबाचा आवाज खरं तर ऐकूच येऊ नये. पण यायचा. पागोळ्यांनी झोप लागायची आणि त्या टप्टपीने उडायची. रात्री अडीच वाजता घड्याळ घेऊन बसलो. सेकंदाला एक थेंब. थेंबाला पाव मिलिलिटर धरलं तर दिवसाला साडेएकवीस लिटर, म्हणजे रोजची एक बादली! 2021 साली सरकारने महिन्याला 16,000 लिटर पाणी मोफत द्यायचं जाहीर केलं, तेव्हा पाणी कसं जपावं यावर शेजाऱ्यांना व्याख्यान देणारा मीच. तिकडे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात नदीचं पाणी गाळायचं, शुद्ध करायचं, पंपाने चढवायचं, आणि इकडे मी ते थेंबाथेंबाने मोरीला अर्पण करत होतो.

सकाळी आईने शॉवरच्या तोंडाला सुतळी बांधली आणि तिचं टोक बादलीत सोडलं. थेंब सुतळीवरून मुकाट खाली उतरायला लागले. आवाज बंद, बादली भरलेली. "आमच्या जुन्या न्हाणीतल्या भाणाला कधी वायसर लागला नाही हो," एवढंच ती म्हणाली. भाण म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. बायको म्हणाली, "आता दोन तोरिंजनं टांगली की माटोळीही झाली." माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं.

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "पावस आसा, फाल्यां येतां." फाल्यां म्हणजे उद्या, हा अर्थ फक्त शब्दकोशात. अशी पाच फाल्यां झाली आणि सहाव्या फोनला "चवथ जातकच येतां", म्हणजे चवथ झाल्यावरच, असं उत्तर मिळालं, तेव्हा मी माळ्यावरून पाना काढला.

शॉवर गळतो म्हणजे शॉवर खराब, इतका सरळ विचार करून मी नवा शॉवर आणला. जुना काढला, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे बारा वेढे दिले, नवा बसवला. नवा शॉवर जुन्यापेक्षा देखणा होता आणि तितकाच गळत होता. शिवाय आता आट्यांतूनही पाणी यायला लागलं. म्हणजे आधी एक थेंब होता, त्याला भाऊ झाला.

मग कळलं की शॉवर बिचारा नुसतं तोंड. पाणी अडवायचं काम खालच्या नळाचं. त्या नळाच्या पोटात स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर. तो झिजला की नळ कितीही आवळा, पाणी वर चढतंच. आणि आपण आणखी जोरात आवळतो, त्यामुळे तो आणखी झिजतो. आमच्या घरी नळ आवळायचं काम माझ्याकडे आहे.

दुकानात गेलो. "स्पिंडल द्या."

"पोरनें खंय आसा?"

जुना चिऱ्याच्या भिंतीत, नळाच्या आत होता. दुकानदाराने समोर निरनिराळ्या लांबीचे, निरनिराळ्या दातांचे सात-आठ स्पिंडल मांडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बायकोचं नाव विसरून तिच्यासाठी चपला घ्यायला आलोय. जुना घेऊन यायचं ठरलं.

जुना काढायचा तर वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा. भर पावसात छत्री मानेत धरून शिडी चढलो आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. फिरलं. आणखी फिरवलं. अगदी सहज फिरत होतं. इतकी वर्षं हात न लागलेलं चाक इतकं सहज फिरतं, यात काहीतरी काळंबेरं आहे हे शहाण्या माणसाला तेव्हाच कळलं असतं. मला कळलं ते स्पिंडल बाहेर आल्यावर. चाक नुसतं फिरत होतं, आतली पडदी जागची हलली नव्हती.

पाणी थेट छातीवर आलं. मी भोकावर अंगठा ठेवला. अंगठा ठेवला की बोलता येतं पण हलता येत नाही, म्हणून बोललो. जे बोललो ते आईने ऐकलं नाही असं तिने नंतर सांगितलं. बायकोने घरातले सगळे नळ सोडले आणि टाकी रिकामी होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा. टाकी 1,000 लिटरची. रोजचे साडेएकवीस लिटर वाचवायला निघालेल्या माणसाने सेहेचाळीस दिवसांचं पाणी एका दुपारी मोरीत सोडलं. हा हिशेब मी घरात कोणाला सांगितलेला नाही.

स्पिंडल खिशात घालून धावत दुकान गाठलं तर एक वाजून पाच मिनिटं झाली होती आणि शटर खाली. साडेतीनपर्यंत गोव्यात माणूस बुडाला तरी हार्डवेअर मिळत नाही. परत आलो, जुनाच स्पिंडल टेप गुंडाळून कोंबला आणि वर सुतळी बांधली. दोन सुतळ्या.

चवथीच्या आदल्या दिवशी, कोणी बोलावलं नसताना, प्लंबर आला. स्कूटरला पुढे माटोळीच्या सामानाची पिशवी, पायाशी नारळ. "दोन मिनिटां," म्हणाला. आणि खरंच फार तर दहा लागली असतील. व्हॉल्व्हची पडदी कशी कोण जाणे ठोकून बसवली, वायसर बदलला, मग शॉवर उतरवून आट्यांवरची टेप पाहिली. बराच वेळ पाहिली. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची असते. उलटी गुंडाळली तर शॉवर फिरवताना ती सुटत जाते. माझे बाराच्या बारा वेढे उलटे होते.

"हें कोणें केलां?"

"आदल्या प्लंबरान," मी म्हणालो.

त्याने टेपचा लगदा नखाने खरवडून काढला. "ताका परत आपोवूं नाका." म्हणजे, त्याला परत बोलावू नका.

"छे छे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "पण तो जेवायला इथेच असतो."