दुसऱ्या फळीला मैदान हवे

डोंबिवलीहून गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव सोळा वर्षांखालील संभाव्य खेळाडूंच्या यादीतून गळले होते आणि पुढच्या निवड चाचणीपर्यंत पोराने खेळायचे कुठे, हा त्याचा प्रश्न होता. शाळेचे सामने संपलेले, क्लबच्या संघात मोठ्यांची गर्दी आणि दरमहा भरपूर फी घेणाऱ्या शिबिरात नेटमधला सराव तेवढा शिल्लक. वैभव सूर्यवंशीने २०२५च्या एप्रिलमध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे: गुणी पोराला दहावीपर्यंत थांबवायचे की आताच सगळे सोडून मैदानावर घालायचे? मला मात्र वाटते की खरा प्रश्न भावाने फोनवर विचारला तो आहे, आणि ग्रुपवर त्याच्याकडे कोणी वळतच नाही.

ब्रिस्बेनच्या नैऋत्येला असलेल्या स्प्रिंगफील्डमध्ये मी राहते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधला (या खेळात चेंडू पायाने मारतात आणि हाताने झेलतातही) ब्रिस्बेन लायन्स हा क्लब २०२२पासून इथल्याच मैदानावर सराव करतो. मैदानात एका वेळी अठरा खेळाडू असले, तरी क्लबच्या करारावर चाळीसहून अधिक असतात. उरलेले खेळाडू बाकावर बसून राहत नाहीत. मोसमभर ते व्हीएफएल या दुय्यम स्पर्धेत क्लबच्या राखीव संघाकडून पुरे सामने खेळतात. असा सामना पाहायला मी अधूनमधून मुलाला घेऊन जाते. प्रेक्षक तुरळक असतात, कठड्याला रेलून उभे राहिले तर खेळाडूंच्या धापा आणि एकमेकांना दिलेल्या हाका स्पष्ट ऐकू येतात. दुखापतीतून सावरणारा तिशीचा खेळाडू आणि गेल्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, निवडलेला अठरा वर्षांचा पोरगा खांद्याला खांदा लावून खेळत असतात. एकदा अशा पोराच्या हातून सोपा झेल सुटला, तेव्हा तो मोठा खेळाडू धावत गेला, त्याने त्याची मान हाताने वळवली आणि चेंडू येताना कुठे उभे राहायला हवे होते ते बोटाने दाखवले. पुढच्या पाच मिनिटांत चेंडू पुन्हा तिथेच आला आणि पोरगा बरोबर जागेवर होता. नेटमध्ये हे शिकवता येत नाही.

या व्यवस्थेचे मोल एएफएल या सर्वोच्च स्पर्धेच्या २०२४च्या अंतिम सामन्यात दिसले. उपांत्य फेरीत लायन्सचा मुख्य रकमन ऑस्कर मॅकइनर्नी याचा खांदा निखळला. उंच उडी मारून चेंडू आपल्या बाजूला वळवणारा हा माणूस संघाचा कणाच असतो. त्याच्या जागी आलेल्या डार्सी फोर्टने त्या वर्षीचा बराच काळ राखीव संघातच काढला होता. मेलबर्नला लाखभर प्रेक्षकांपुढे तो थेट मैदानात उतरला आणि लायन्सनी सिडनीला ६० गुणांनी हरवले. त्याच सामन्यात एकोणीस वर्षांचा लोगन मॉरिस खेळत होता, आणि सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळवणारा विल ॲशक्रॉफ्ट वीस वर्षांचा होता. आदल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. २०२५मध्ये क्लबने विजेतेपद राखले आणि ते पदकही पुन्हा त्यालाच मिळाले.

हे सहज जमलेले नाही. २०१३च्या अखेरीस पाच तरुण खेळाडू एकदम ब्रिस्बेन सोडून गेले. त्यांच्यापैकी इलियट यो पुढे वेस्ट कोस्ट क्लबकडून २०१८चा विजेता ठरला आणि सॅम डॉकर्टी कार्लटन क्लबचा सहकर्णधार झाला. म्हणजे निवड चुकली नव्हती, पोरांना धरून ठेवणे जमले नव्हते. २०१७मध्ये संघ तळाला होता. त्याच वर्षी आलेले प्रशिक्षक ख्रिस फेगन या सर्वोच्च स्पर्धेत खेळाडू म्हणून एकही सामना खेळलेले नव्हते. पुढच्या मोसमासाठी क्लबने हॉथॉर्न क्लबच्या ल्यूक हॉजला आणले, ते पोरांच्या शेजारी उभे राहून शिकवणारा अनुभवी माणूस हवा म्हणून. २०१९मध्ये संघ थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला.

वयाचा नियमही मला मोलाचा वाटतो. क्लबच्या अकादमीत मुले लहानपणापासून शिकतात, पण ज्या वर्षी अठरा पूर्ण होतात त्याआधी त्यांना ड्राफ्टमधून घेता येत नाही आणि राष्ट्रीय ड्राफ्टमधून घेतल्यावर किमान दोन वर्षांचा करार द्यावा लागतो. आपल्याकडे तेराव्या वर्षीच्या मुलावर लिलावात १ कोटी १० लाखांची बोली लागते आणि त्याच आयपीएलमध्ये पंचवीसपर्यंतच्या चमूतले कित्येक तरुण दोन महिने पाण्याच्या बाटल्या नेतात, कारण राखीव संघांची स्पर्धाच नाही. इथली व्यवस्था दयाळू आहे असे नव्हे. करार संपला की कित्येकांना विशीतच निरोप मिळतो, आणि उत्तरेकडच्या क्लबांना अकादमीतून खेळाडू स्वस्तात मिळतात ही दक्षिणेतल्या क्लबांची तक्रार मला अगदीच निराधार वाटत नाही. पण जो काळ मुलगा क्लबमध्ये असतो, तो काळ तो खेळत असतो.

हे आपल्याला परके मुळीच नाही. १९७०-७१च्या रणजी मोसमात वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. तरी सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. ती फळी घडली होती मुंबईत पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या चिखलात आणि दर आठवड्याच्या क्लब सामन्यांत. लायन्सच्या घरच्या मैदानावर, इथल्या गॅबावर, जानेवारी २०२१मध्ये अजिंक्य रहाणेच्या संघाने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले तेही अशाच माणसांच्या बळावर. पहिल्या डावात भारताला सावरणारा पालघरचा शार्दूल ठाकूर वर्षानुवर्षे लोकलने मुंबईला येऊन सामने खेळत मोठा झाला होता.

भावाला मी एवढेच सांगितले की शिबिराची फी थांबव, आणि त्याला प्रत्यक्ष सामना खेळायला मिळेल असा एखादा क्लब शोध, मग तो कितीही खालच्या डिव्हिजनमधला असो. परवा त्याचा मेसेज आला. कल्याणजवळच्या एका क्लबच्या दुसऱ्या संघात पोरगा रविवारी मॅटिंगवर खेळला, सातव्या क्रमांकावर गेला, अकरा धावा केल्या, आणि चाळिशीच्या यष्टीरक्षकाने सामना संपल्यावर त्याला अर्धा तास थांबवून पाय कुठे पडायला हवा ते दाखवले.