प्राणी जुळवून घेतील, पण कोणते?

नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या ग्रुपवर रस्त्यासाठी झाडं पाडायचा विषय निघाला की कोणीतरी काकाजी लिहितातच, "काही होत नाही बाप्पा, पाखरं जातात दुसरीकडे. जनावराले सवय होते." अजनी वन वाचवायला २०२१ मध्ये लोक उभे राहिले तेव्हाही हेच ऐकलं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून ही लांब पोस्ट. प्राणी बदलतात हे खरंच आहे. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर बदलतात, फार थोड्या अंतरात बदलतात. पण ते कसं घडतं हे नीट समजून घेतलं, तर त्याचा आधार घेऊन झाड पाडायची हिंमत होणार नाही.

उत्क्रांती म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर डायनासोर येतात, लाखो वर्षं येतात. मी इंग्लंडमधल्या मँचेस्टरपासून सुरुवात करते. तिथे पांढुरक्या अंगावर काळे ठिपके असलेला एक पतंग, म्हणजे फुलपाखरासारखा रात्री उडणारा कीटक, असायचा. १८४८ मध्ये त्याचा पूर्ण काळा नमुना पहिल्यांदा नोंदला गेला. गिरण्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळवंडली, त्यावर बसलेले पांढरे पतंग पक्ष्यांना लांबून दिसू लागले, आणि १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. आपली एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिकडे हा बदल चालूच होता. पुढे विसाव्या शतकात हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे झाले, खोडं उजळली, आणि पांढरे पतंग पुन्हा वाढले.

प्वेर्तो रिको बेटावरच्या सरड्यांचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं, कारण सरडा आपल्या कुंपणावरही आहे. क्रिस्टिन विंचेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तिथल्या शहरातल्या सरड्यांचे पाय रानातल्या सरड्यांपेक्षा लांब आहेत आणि बोटांखालच्या चिकटणाऱ्या पट्ट्या संख्येनं जास्त आहेत. रंग दिलेल्या गुळगुळीत भिंतीवर पळायचं तर हेच लागतं. मग त्यांनी दोन्हीकडची पिल्लं प्रयोगशाळेत अगदी सारख्या परिस्थितीत वाढवली. तरी फरक राहिला. म्हणजे भिंतीवर पळून पळून पाय लांबले नव्हते, ते जन्मतःच तसे होते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात मुंग्यांवर असंच काम झालं. ओकच्या एका पोकळ फळात अख्खं कुटुंब मावेल इतकी ही मुंगी बारीक. शहरातली मुंगी आसपासच्या रानातल्या मुंगीपेक्षा जास्त उष्णता सोसते, आणि हा गुण पुढच्या पिढीतही उतरतो. फार तर वीसेक पिढ्यांत, म्हणजे शंभरेक वर्षांत हे झालं. आता नागपूर डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि रात्री दहालाही सिमेंट रोडवरून गरम वाफ येते. सेमिनरी हिल्सच्या सावलीतली मुंगी आणि इतवारीतल्या ओट्याखालची मुंगी एकच उन्हाळा काढत नाहीत.

अंतराचं म्हणाल, तर न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक मोठ्या बागेतल्या पांढऱ्या पायांच्या उंदरांची जनुकीय ओळख वेगळी निघाली. पूर्वी सगळीकडे सलग रान होतं, मग मध्ये शहर वाढलं आणि बागा बेटांसारख्या उरल्या. मॅनहॅटनमधल्या घुशींसारख्या मोठ्या तपकिरी उंदरांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या भागातले उंदीर आणि खालच्या भागातले उंदीर जनुकांवरून वेगळे ओळखू येतात. मधल्या कचेऱ्या-दुकानांच्या पट्ट्यात राहती घरं कमी, घरचा कचरा कमी, म्हणून तिकडून ये-जा कमी. एकच बेट, पायी चालत जाता येईल एवढं अंतर.

गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, राजभवन, महाराजबाग, अंबाझरी. आपल्या गावातले हिरवे तुकडे हे असे आहेत, आणि मधे काटोल रोड, अमरावती रोड, रिंग रोड. बुलबुल हे अंतर सहज उडून जातो, राखी धनेशही जातो. बेडकाला, सापसुरळीला, पंख नसलेल्या किड्याला मात्र एक रुंद रस्ता म्हणजे जन्मभराचा अडथळा.

इथे शिकलेली हुशारी आणि पिढ्यांतून झालेला बदल या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. भांडेवाडीच्या कचऱ्यावर घारी जमतात, तो त्यांचा शहाणपणा. २०१९ मध्ये मिहानच्या परिसरात वाघ दिसला, २०२१ च्या उन्हाळ्यात शहरात बिबट्या फिरला आणि फार थोड्यांना दिसला. ती त्या त्या जनावराची हुशारी. अशी हुशारी शिकता येते, पण शिकलेलं जनुकांतून पिल्लांकडे जात नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे रामगंगा जातीचे पक्षी वरच्या पट्टीत गातात असं २००३ मध्ये आढळलं. ते गाणं ऐकून शिकतात, त्यामुळे त्यालाही लगेच उत्क्रांती म्हणायची घाई मी करणार नाही. घाई कशी अंगाशी येते हे लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या डासानं दाखवलं. तो तिथेच शे-दीडशे वर्षांत घडला असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०२५ मधल्या जनुकीय अभ्यासातून कळलं की त्याचं मूळ हजाराहून जास्त वर्षं जुनं आहे, आणि तेही लंडनपासून दूर.

खरी उत्क्रांती होते तेव्हा काय घडतं, ते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या भिंगऱ्यांनी दाखवलं. या पक्ष्यांनी रस्त्यांवरच्या पुलांखाली घरटी बांधायला सुरुवात केली. चार्ल्स आणि मेरी ब्राउन यांनी तीस वर्षं गाड्यांखाली मेलेले पक्षी गोळा करून मोजले. मेलेल्यांचे पंख लांब होते. जिवंत थव्यातले पंख वर्षागणिक आखूड होत गेले, आणि गाड्यांखाली मरणाऱ्यांची संख्या घटत गेली. आखूड पंखाचा पक्षी चटकन वळतो, बहुतेक म्हणून वाचतो.

काकाजींना माझं सांगणं एवढंच आहे, की कोण्या पक्ष्याला गाड्यांची सवय झाली नाही. लांब पंखांचे मेले, आखूड पंखांचे उरले. शहराशी उत्क्रांतीनं जुळवून घेतलेला प्रत्येक जीव अशा मरणांतून आलेला असतो. हे परवडतं कोणाला? ज्यांची संख्या हजारो-लाखोंत आहे, ज्यांच्या पिढ्या भराभर येतात, आणि ज्यांच्यात आधीपासूनच लांब-आखूड, काळं-पांढरं असं वैविध्य आहे त्यांना. मुंगीला परवडतं, उंदराला परवडतं, डासाला तर फारच.

वाघिणीला पहिली पिल्लं होतात तीच साधारण तीन-चार वर्षांची झाल्यावर. बोर हा देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. इतक्या जागेत वाघ किती मावणार, आणि त्यातले किती मेले तरी चालतील? बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटानं मध्य भारतातल्या रानांतून विष्ठेचे नमुने गोळा केले आणि वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांची तुलना करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. रस्ते आणि वस्त्यांमुळे वाघांची जनुकीय ये-जा, म्हणजे एका रानातली जनुकं दुसऱ्या रानात पोचणं, सर्वांत जास्त तुटते, रानमांजराची सर्वांत कमी. रान तेच, रस्ते तेच. मग "प्राण्यांना" सवय होते असं सरसकट म्हणायचं कसं?

आणि तुटलेल्या रानात काय होतं, ते ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये दिसतं. तिथल्या वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले, की वाघ काळा वाटतो. एका जनुकातल्या एका बदलामुळे हे होतं, आणि तिथल्या साधारण तीनातल्या एका वाघाचं रूप असं आहे. पर्यटक फोटो पाहून खूश होतात. मला ते पाहून काळजी वाटते. बाकी वाघांपासून तुटलेल्या मोजक्या वाघांत नातलगांचा आपसात संबंध आला, की एखादं दुर्मीळ जनुक नुसत्या योगायोगानंही असं पसरू शकतं. उद्या त्या जागी रोगाचं जनुक असेल तर तेही पसरेल. थोड्या अंतरातली उत्क्रांती ही अशीही असते.

वाघ स्वतःकडून प्रयत्न करतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे वाघीण नव्हती. एवढं चालूनही तिथे त्याचं जनुक पुढे जाणार नव्हतं.

म्हणून पेंचमधल्या महामार्गाखालचे भुयारी मार्ग मला इतके मोलाचे वाटतात. लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा ते झाले. महाराष्ट्राच्या हद्दीतला सर्वांत लांब मार्ग ७५० मीटरचा आहे, आणि कॅमेऱ्यांत वाघासकट कितीतरी प्राणी त्याखालून जाताना टिपले गेलेत. तेव्हाही "इतका खर्च काहून?" म्हणणारे होतेच. वाघ बदलणार नव्हता, रस्ता बदलता येत होता. तो बदलला.

शहरातही हेच करता येईल, आणि खर्च त्यामानानं फार कमी. अंबाझरीकडून येणारी नाग नदी शहराच्या मधोमध वाहते. तिचे काठ दोन्हीकडून भिंतींनी बांधून टाकण्याऐवजी जिथे जागा आहे तिथे मातीचे, झुडपांचे ठेवले, तर बेडूक-सरड्यांना चालायला वाट राहील. नवीन रस्ता करताना नाल्यावरचा पूल थोडा रुंद घेतला आणि पाण्याच्या बाजूला कोरडी कड सोडली, तर मुंगूस खालून जाईल. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतू नका, हे तर किती वेळा सांगायचं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी या हिवाळ्यात एक काम देणार आहे, आणि इतर कॉलेजांतल्या शिक्षकांनीही ते घ्यावं अशी विनंती आहे. पहाटे व्हेरायटी चौकात आणि त्याच वेळी गोरेवाड्याच्या काठावर बुलबुलाचा आवाज मोबाइलवर टिपायचा. रविवारी टिपायचा, कामाच्या दिवशी टिपायचा, आवाजाची पट्टी मोजायची आणि दरवर्षी मोजत राहायची. मुंग्यांच्या वाटांजवळ थर्मामीटर धरून कोणती जात किती अंशांपर्यंत बाहेर फिरते तेही लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी झाडांची सुनावणी असेल, तेव्हा आमच्या पोरांच्या हातात या शहराचे, या रस्त्यांचे आकडे असले पाहिजेत. ज्या शिक्षकांना सोबत यायचं आहे त्यांनी कळवा, नोंदींचा तक्ता मी पाठवते.