दर दोन तासांनी कूस

गेल्या रविवारी ख्रिस्ती सिस्टरांच्या वृद्धाश्रमाला 50 वर्षं झाली. आश्रमाचं नाव घालत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही आणि पुढे मी थोडं कडूही लिहिणार आहे. माझी आत्या शेवटची तीन वर्षं तिथे होती, म्हणून आम्हाला आमंत्रण. सकाळी कोंकणीतून मीस (चर्चची उपासना), मग मांडवात कार्यक्रम, मग चहा, पॅटिस आणि बदामाच्या केकचा एवढासा तुकडा. आत्या असती तर म्हणाली असती, "कंजूस खंयचीं."

भाषणं झाली. देणगीदारांना शाली, पुढाऱ्यांना पुष्पगुच्छ. सात वक्ते बोलले आणि सातही जणांनी 'माया' हा शब्द वापरला. 'देवमाणसं' पाच वेळा. 'निःस्वार्थ सेवा' मोजायचं मी मग सोडून दिलं. सगळं खरंच होतं, तरी खुर्चीत बसल्या बसल्या माझं डोकं तापत गेलं. घरी येऊन नवऱ्याला सांगायला लागले तर तो म्हणाला, फेसबुकवर घाल, मला झोपू दे.

तर घालते.

आत्या आमची गोव्यातल्या फोंडा महालातली. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतर जुन्या घरात एकटी राहायची. न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं. पण ती उठली नाही. वय 81. इस्पितळातून सोडताना हातात कागद दिला आणि तोंडी एक वाक्य: "पोझिशन बदलत राहा हां." आम्ही मान हलवली. पोझिशन बदलायची म्हणजे नक्की काय, किती वेळाने, कुठे धरायचं, कुठे धरायचं नाही, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तिला आमच्याकडे आणली. ब्यूरोतून बाई ठेवली. बाई वाईट नव्हती, पण दिवसाचे बारा तास फोन आणि रात्री घोरणं. तिलाही कुणी शिकवलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. तिसऱ्या आठवड्यात आत्याच्या माकडहाडापाशी कातडी लाल दिसली. मी पावडर लावली! बँकेत 32 वर्षं काढली मी, लोकांची कर्जं तपासली, ऑडिटवाल्यांना तोंड दिलं, आणि लाल झालेल्या कातडीवर मी घामोळ्यांची पावडर लावली. महिनाभरात तिथे रुपयाएवढी जखम झाली. मग रुपयात आणखी एक रुपया मावेल एवढी खोल. वास यायला लागला तेव्हा आत्या म्हणाली, "खिडकी उघड गे, तुला त्रास जाता." तिला वाटलं त्रास मला होतोय.

माणूस एकाच जागी पडून राहिला की हाड आणि गादी यांच्या मधलं मांस दाबलं जातं, तिथलं रक्त थांबतं आणि ते मांस मरतं. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांमागची हाडं. एवढंच आहे. दर दोन तासांनी कूस बदलली तर बहुतेक वेळा टळतं. ही माहिती माझ्याकडे 58 व्या वर्षी, आत्याच्या पाठीतून आली.

मग सिस्टरांकडे नेली. नातेवाइकांत जे बोललं जायचं ते बोललं गेलं. "सिस्टरांकडे टाकली." आपल्याकडे माणसाला आश्रमात 'पाठवत' नाहीत, 'टाकतात', हे क्रियापद ज्याने काढलं त्याने बहुधा एक रात्रही कुणाची नळी सांभाळली नसेल. एका चुलत भावाने तर हळू आवाजात विचारलं, "बाटवणार नाहीत ना?" गोव्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, पोर्तुगीजांच्या काळात आमच्या देवांनाच नदी ओलांडून पळावं लागलं होतं. म्हणून उत्तर नीट देते. तीन वर्षांत धर्माबद्दल तिला एकच गोष्ट विचारण्यात आली: संध्याकाळच्या तेर्साचा (जपमाळेच्या प्रार्थनेचा) आवाज खोलीत येतो, दार लावू का? आत्या म्हणाली, राहू दे, चाल बरी आहे.

पहिल्या दिवशी सिस्टरने जखम बघितली आणि मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: 6, 8, 10, 12... आणि पुढे डावी, पाठ, उजवी. प्रत्येक वेळेपुढे सही. रात्री दोनची सही, पहाटे चारची सही. मी पुढच्या तीन वर्षांत तो कागद कितीदा तपासला असेन, बँकेची सवय. एकदाही सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या सापडल्या नाहीत. ज्यांनी सरकारी किंवा बँकेची रजिस्टरं बघितली आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आणि वळवणं म्हणजे ओढणं नव्हे. अंगाखाली आडवी दुमडलेली चादर असते, दोघी दोन बाजूंनी ती धरतात, "एक, दोन, तीन" म्हणून उचलतात. ओढलं तर कातडी सोलते. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा गादीला लागत नाहीत, अधांतरी राहतात. भरवताना बसतं करायचं आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न श्वासनळीत जातं. आत्याला पाण्याने ठसका लागायला लागला तेव्हा मी घाबरून पाणी कमी केलं असतं. त्यांनी पेज घट्ट केली. पातळ घोट घशात पटकन घसरतो आणि चुकीच्या वाटेने जातो, दाट हळू उतरतो. उकड्या तांदळाची पेज आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, पण ती किती दाट केली म्हणजे म्हातारीला ठसका लागत नाही, हे मला सिमडेग्याच्या एका मुलीने शिकवलं.

हो, सिमडेगा. झारखंडात आहे. त्या आश्रमात आता गोव्याच्या सिस्टर दोनच, दोघी सत्तरीपुढच्या. एक साष्टीची, एक बार्देसची. बाकी झारखंड, ओडिशा, मणिपूर. शिवाय पगारी बाया, बहुतेक कर्नाटकातल्या. पूर्वी साष्टीच्या घराघरांतून एक पाद्री आणि एक माद्र, म्हणजे सिस्टर, निघायची. आता त्या घरांतली पोरं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात आहेत, आमची पुण्यात, बेंगळुरूत, ह्यूस्टनमध्ये. म्हातारे इथे, आणि त्यांची कूस बदलायला माणूस दीड हजार किलोमीटरवरून.

जखम भरायला चार महिने लागले. भरली.

एक गंमत सांगायची राहिली. आत्या मासळी खाणारी, पण सोमवार कडक. पहिल्या सोमवारी ताटात बांगडा आला, तिने ताट सरकवलं. पुढच्या सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी: मुगागाठी, मुगाची उसळ. त्यानंतर कधी चूक झाली नाही, श्रावणात तर स्वयंपाकीणच विचारायला यायची. एकदा एक पत्रकार आले होते, त्यांना आत्याच्या खिडकीतली तुळशीची कुंडी आणि शेजारी सायबिणीची (मेरीमातेची) मूर्ती असा फोटो हवा होता. मूर्ती तिथे नव्हती, ती त्यांनी व्हरांड्यातून आणवली. फोटो छान आला. धार्मिक सलोखा म्हणे. माझ्या मते सलोखा तो मुगागाठीत होता, पण मुगागाठीचा फोटो कोण छापणार!

आता मुद्द्यावर येते. 'माया' म्हटलं की आपण सुटतो. माया आतून येते, तिला शिकवावं लागत नाही, तिला पगार लागत नाही, ती थकत नाही, तिला कंबरदुखी होत नाही. आणि ती 'त्यांच्यात' असते, आपल्यात नसते, त्यामुळे आपण तांदळाची गोण नेऊन दिली, वाढदिवसाला केक कापला, फोटो काढला की हिशेब पुरा. मी त्या तीन वर्षांत जे बघितलं ते कसब होतं. सुतारकामासारखं, सोनारकामासारखं, हाताने शिकायचं आणि रोज करायचं काम. त्यात मायाही असेल. पण नुसत्या मायेने जखम भरत नाही. माझी आत्यावर काय कमी माया होती? जखम माझ्याच घरात झाली ना!

रविवारी मांडवात शाली वाटल्या जात होत्या तेव्हा त्या पगारी बाया मागे चहाच्या ट्रेपाशी उभ्या होत्या. पहाटे चारच्या सह्या करणाऱ्या. कुणी त्यांचं नाव घेतलं नाही. आयोजकांचा दोष म्हणत नाही, घाईत राहून गेलं असेल. पण 50 वर्षांत चादरीची दोन टोकं धरली कुणी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही याचं नवल वाटलं.

हे नवीन नाही म्हणा. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या मंडळाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, म्हाताऱ्यांची काळजी हेच त्यांचं व्रत (आत्याच्या सिस्टर त्या नव्हेत, वेगळ्या). ते सुरू केलं फ्रान्समधल्या झान ज्युगाँ या मोलकरणीने. 1839 च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, लुळ्या पडलेल्या म्हातारीला घरी आणलं आणि स्वतःचा पलंग तिला दिला. मग टोपली घेऊन दारोदार भीक मागून म्हाताऱ्यांना जगवलं. पुढे मंडळ मोठं झालं, तसं एका पाद्रीने तिला मुख्यपदावरून काढलं आणि संस्थापक म्हणून स्वतःचं नाव पुढे केलं. शेवटची 27 वर्षं ती त्याच मंडळाच्या घरात एक साधी म्हातारी सिस्टर म्हणून राहिली. नव्याने येणाऱ्या मुलींना माहीतही नव्हतं की हीच ती. 1879 मध्ये गेली. चर्चने तिला संतपद दिलं 2009 मध्ये. म्हणजे पलंग देणारी एक आणि शाल घेणारा दुसरा, ही पद्धत तिकडेही होती.

2011 च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढची माणसं 11.2 टक्के होती, केरळच्या खालोखाल देशात सगळ्यांत जास्त. त्याला आता बरीच वर्षं झाली, तेव्हा साठीच्या आत असलेली मी आता त्यांच्यात मोजली जाईन. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय असलेलं घर असावं असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे. आपल्या प्रोव्हेदोरियाची (निराधारांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची) पोर्तुगीज काळापासूनची घरं आहेत, त्यांचं मोल कमी करत नाही. आणि भाषेत तर आपण ही सोय केव्हाच केली आहे: म्हापशाच्या इस्पितळाला लोक आझिलो म्हणायचे, मडगावच्याला हॉस्पिसियो, दोन्हींचा अर्थ मुळात आसरा.

मला काय हवं ते फार मोठं नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी सोडताना इस्पितळाने घरच्या दोघांना तासभर बसवून कूस बदलायला शिकवावं, करून दाखवायला लावावं आणि मगच कागद द्यावा. ब्यूरोवाल्यांनी बाईला आधी शिकवावं, मग पाठवावं, आणि आपण तिला रात्रीची झोप आणि आठवड्याची सुट्टी द्यावी. आणि तिसरं, यावर मला शिव्या पडणार आहेत. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे देवळाजवळच्या उतरायच्या खोल्या, वर्षातले कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. मोठ्या जत्रेला आणि लग्नांना उघडतात. त्यातल्या दोन खोल्यांत एक पलंग, दोन उशा आणि आडवी चादर ठेवून गावच्या मुलामुलींना, हो, मुलांनाही, हे काम शिकवायला काय हरकत आहे? शिकवायला सिस्टरांना बोलवा. त्या येतील, मी विचारलंय. देवस्थानाच्या महाजनांपैकी (कारभार बघणाऱ्यांपैकी) एकाला मी हे सुचवलं तर म्हणाले, "पण सोवळ्याचं काय?" मी म्हटलं, अग्रशाळेत सोवळं कसलं, तिथे तर वऱ्हाडी पत्ते खेळतात.

कार्यक्रम संपल्यावर मी ऑफिसात गेले. सत्तरीची बार्देसची सिस्टर होती, वही घेऊन. म्हटलं, माझं नाव घालून ठेवा. ती हसली, म्हणाली, तू तर अजून घट्ट आहेस. म्हटलं, मुलगा बेंगळुरूला, नवरा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, जागा मिळायला वेळ लागतो ना तुमच्याकडे? लागतो, ती म्हणाली. नाव लिहिलं, वय 64, फोन. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सोमार पाळटा मगे, आंटीवरी?"

मी हो म्हटलं. तिने रकान्यात लिहिलं: सोमार, शिवराक.